मर्यादेबाहेरची पोर

बोईसरच्या पाळणाघरात पाळणा एकच होता. तो पाळणाघर चालवणाऱ्या मंडळाच्या विजयाबाईंच्या थोरल्या मुलाचा, शिसवी लाकडाचा, आणि आता त्यात मंडळाची छत्री, फिनेलची बाटली आणि वर्गणीची पावतीपुस्तकं झोपवलेली असत. मुलं खाली फरशीवर. सतरंजी होती, पण ती पाहुणे आले की अंथरायची. एरवी गुंडाळून कोपऱ्यात उभी, कारण मुलं सतरंजी खराब करतात. मुलांसाठी आणलेली वस्तू मुलांनी खराब करू नये, यावर मंडळाचा मोठा कटाक्ष होता.

हे सगळं तानीला उंबरठ्याबाहेरून दिसायचं. उंबरठ्याच्या आत तिला येऊ देत नसत. तानी डोंगरीपाड्यावरची वारली बाई, अंगानं काटक, आणि तोंडापेक्षा डोळ्यांनी जास्त बोलणारी. माणसाकडे एकदा बघितलं की त्याची किंमत तिनं केलेली असायची, आणि ती सहसा फार होत नसे. नवरा जिवल्या तीन दिवस गवताच्या ट्रकवर आणि चार दिवस ताडाखाली. त्याची किंमत तिनं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात करून टाकली होती. विजयाबाईंची अजून केली नव्हती. चिमी त्यांच्याकडे होती म्हणून ती तेवढं टाळत होती.

तानी रंगाच्या कारखान्यात रिकामी पिंपं धुवायला जायची. ठेकेदाराकडे, रोजावर. पिंप आडवं करायचं, कमरेपर्यंत आत शिरायचं आणि काथ्यानं घासत बसायचं. आत वास असा की जिभेवर बसायचा आणि रात्री भातालाही तोच लागायचा. एका आठवड्याला हात लाल, दुसऱ्या आठवड्याला पिवळे. साबण लावा, राख लावा, चिंच लावा, हात काही आपले होत नसत. भाकरी थापली की भाकरीवर पंजा उठायचा. जिवल्या दात काढून म्हणायचा, "लग्नाचा भिंतीवरचा चौक लिवलास काय भाकरीवर?" आणि तीच भाकरी मुकाट खायचा.

ह्या हातांमुळेच तिला उंबरठा बंद होता. दाराच्या चौकटीला पांढरा रंग नुकता दिलेला. मंदा म्हणून पालघरजवळच्या माहीमकडची एक मुलगी तिथं शिकवायला होती. ती सकाळी दारात येऊन चिमीला तानीच्या कमरेवरून उचलून घ्यायची, तेही तानीचा हात आपल्या साडीला लागणार नाही अशा बेतानं. तानीला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. पण चिमी आत गेली की दिवस सुटायचा. तीन वर्षांची पोर, पायाला भिंगरी. घरी सासू बायडी, तिला एका डोळ्यानं धुकं आणि दुसऱ्यानं अंधार दिसायचा.

आता ह्या पाळणाघराला सरकारी अनुदान होतं आणि अनुदानाला अट होती. पाळणाघर गरीब घरातल्या, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी. आणि गरीब कोण, तर ज्या घरात महिन्याला ठरल्या आकड्याच्या वर मिळकत नाही ते. हा आकडा ठरवणाऱ्यानं भलतंच डोकं चालवलं होतं. नवरा-बायको दोघं रोजावर गेली की घर आकड्यापलीकडे जायचं, एकटा गेला की खूप खाली राहायचं. म्हणजे पाळणाघराची गरज लागली की हक्क जायचा, आणि हक्क असला की बाई घरीच बसलेली. असा नियम रचायला शिक्षण लागतं, अडाण्याचं ते काम नव्हे.

तानीचं घर आजवर आकड्याच्या खाली राहिलं होतं, कारण जिवल्याची मिळकत घरापर्यंत पोचतच नसे. पण त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सालच्या थंडीत, स्टेशनरोडच्या कापडदुकानदाराच्या सुनेला नोकरी लागली. तिच्या मुलाला पाळणाघरात जागा हवी होती आणि सासरा मंडळाला पंखा देणार होता. विजयाबाई मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांना एकाएकी आठवलं की घरोघर जाऊन पाहणी करायचा नियम आहे आणि आपण तो फार दिवस पाळलेला नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी विजयाबाई आणि मंदा डोंगरीपाड्यावर आल्या. रिक्षा सडकेला सोडली आणि पुढं बांधावरून चालत. पाड्यावर त्या वेळी सगळी माणसं खळ्यावर होती.

टेकडीखालची पट्टी जिवल्या आणि त्याचे तीन चुलतभाऊ मिळून कसायचे. भात एकत्र कापायचं, एकत्र झोडायचं, रास एकच. भगत येऊन कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, कोंबडी दाखवून गेला की मग टोपलीनं चार वाटे. तोवर रास कुणा एकाची नसते. आणि तोवर खळ्यावर काही गोष्टी कुणी बोलत नाही. कमी आहे, थोडं आहे, पुरणार नाही, हे शब्द खळ्याच्या बाहेर ठेवून यायचे. पोराला भूक लागली तरी त्यानं तिथं भूक लागली म्हणायचं नाही. कणसरी ऐकत असते, आणि जिथं तिला थोडी म्हणतात तिथं ती राहत नाही. भगत दोन दिवस मनोरला गेलेला, म्हणून रास अजून उभीच होती.

विजयाबाई चपलांसकट सारवलेल्या खळ्यावर आल्या.

"चपला काढ, बाय," बायडी म्हणाली. म्हातारी सगळ्यांनाच अरेतुरे करायची, तलाठ्यालाही आणि देवालाही.

विजयाबाईंनी मंदाच्या खांद्यावर हात ठेवून चपला काढल्या, जणू कुणी दागिने काढून मागितले होते. मग नाकाला पदर लावून त्यांनी राशीकडं बघितलं. चार घरांचं भात एका जागी, ते थोडं थोडकं कसं दिसेल?

"अगं बाई. बरंच पिकलं की तुमचं."

"भरपूर हाय," बायडी म्हणाली.

"वर्षभर पुरतं?"

"पुरून उरतं."

"आणि हे सगळं तुमचंच ना?"

"आमचंच. नाय तं कुनाचं?"

"मुलगा कामावर जातो?"

"जातो. गवताच्या ट्रकवर."

"सून तर जातेच आमच्या माहितीत."

"सारी जातात," बायडी म्हणाली आणि राशीला हात जोडले. "तिच्या दयेनं काय कमी नाय आमाला."

विजयाबाई मंदाकडे बघून हसल्या. तानी चार हातांच्या अंतरावर सूप घेऊन उभी होती. काय चाललंय ते तिला पुरतं कळत होतं. एका वाक्याचं काम होतं. चार घरांचं आहे, आमची चौथाई, तीही चैतापर्यंत पुरत नाही. ते वाक्य तिनं काढलं नाही. कणसरीची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या त्या बाईसमोर आपल्या राशीला थोडी म्हणायचं? तानीची मान आपोआप ताठ झाली आणि ती भात पाखडत राहिली. पुढं कितीतरी दिवस ती सगळा दोष बायडीच्या माथी मारायची, पण तोंड मिटून उभी राहिली ती तीच.

पाहुण्या बांधापलीकडे गेल्या तेव्हा सूप टाकून ती धावली. सडकेवर त्यांना गाठलं.

"बाय, ते चार घरांचं हाय. आमचं एकट्याचं नाय. आमाला चैतापर्यंतबी नाय पुरत."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"तिथं तसं बोलत नाय."

"का?"

"खळ्यावर बोलत नाय," तानी म्हणाली. यापुढं कसं सांगायचं ते तिला कळेना.

"म्हणजे खरं बोलायची जागा वेगळी आणि खोटं बोलायची वेगळी," विजयाबाई म्हणाल्या. "छान आहे तुमच्यात."

मंदानं रिक्षेत बसताना एकदा वळून बघितलं. तिच्याही आजोळी धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. हे ती सांगू शकली असती. पण नोकरी नवी होती, पगार विजयाबाईंच्या हातून मिळायचा, आणि खरं बोलायची जागा तिलाही निवडावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी चिमी उंबरठ्यावरूनच परत आली.

"तुझं घर मर्यादेबाहेर गेलं," विजयाबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमचं बरं चाललंय. आनंद मान."

तानीनं तीन दिवस बुडवून तलाठ्याकडून दाखला आणला. तलाठी दोनदा भेटला नाही, तिसऱ्यांदा कोंबडी घेऊन भेटला. दाखल्यावर घर चांगलं गरीब होतं. विजयाबाईंनी तो वाचला, उलटा करून बघितला आणि परत दिला. "कोंबडी दिली की तलाठी काहीही लिहितो," त्या म्हणाल्या. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या माहीमच्या वाडीचे कागद त्याच तलाठ्यानं केले होते.

मग तानी चिमीला घेऊन कारखान्यावर गेली. फाटकात वॉचमन म्हणाला, "बच्चा अंदर नहीं। ठेकेदार मना करता है।" मुकादम शिवाजी घाटावरचा माणूस, बोलायला लागला की दातांत काडी असायची.

"पोर सांभाळायचीय का पिंपं धुवायचीत?"

"दोनी करीन."

"तुज्यासारख्या पन्नास हुभ्या हायती फाटकापशी. त्यांची पोरं घरात ऱ्हात्यात. तुजीच काय सोन्याची?"

चिमीला तिनं बाहेर पिंपळासारख्या पानांच्या भेंडीच्या झाडाखाली बसवलं, कांदा-भाकरी हातात दिली आणि आत गेली. फाटकाशेजारून कारखान्याचं पाणी वाहायचं, कधी निळं, कधी जांभळं. पोरीला रंग आवडला. दुपारी तानी बाहेर आली तेव्हा चिमी घोट्यापर्यंत त्यात बसली होती. संध्याकाळी पायाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली. बायडीनं करंजाचं तेल लावलं आणि कंपनीला शिव्या घातल्या. त्या शिव्या कंपनीपर्यंत जायला वाहन नव्हतं.

"मी सांबाळतो," जिवल्या म्हणाला. "माझी पन पोर हाय ना?"

तानीनं त्याच्याकडं बघितलं. पण दुसरी वाट नव्हती. दोन दिवस त्यानं खरंच सांभाळली. पाठीवर घेऊन फिरवली, करवंदीच्या काटक्यांची बैलगाडी करून दिली. तिसऱ्या दिवशी ताडी उतरवणाऱ्यानं हाक मारली. पाड्यामागं विटांसाठी माती काढून काढून मोठा खड्डा झालेला, त्यात पावसाचं पाणी अजून होतं. चुलतजाऊ भागी तिथं भांडी घासायला गेली नसती तर पुढचं सगळं सांगायचं कारणच उरलं नसतं. भागीनं चिमीला केसांना धरून वर काढलं आणि पालथी धरून पाणी ओकवलं. जिवल्या ताडाखाली तोंड उघडं टाकून निजला होता.

रात्री तानी त्याला एक शब्द बोलली नाही. माणसावर रागवायला तो माणूस मोजावा लागतो. ती गोठ्यात गेली, शेळीचं दावं सोडून आणलं, एक चिंधी फाडली. पहाटे कामावर निघताना चिमी अजून झोपेत होती. तिच्या घोट्याला तिनं आधी चिंधी गुंडाळली, वरून दावं बांधलं आणि दुसरं टोक घराच्या मधल्या खांबाला, मेढीला. पाण्याचं मडकं सरकवून हाताशी ठेवलं, चुलीतला विस्तव पार विझवला.

"आये, जेवताना सोड आन मंग परत बांध," ती बायडीला म्हणाली.

"शेळी हाय काय?" बायडी म्हणाली.

"शेळी असती तं कळपात गेली असती."

त्या दिवशी पिंपात शिरली की तानीला आतल्या अंधारात दाव्याचा ताण दिसायचा. संध्याकाळी धावतच घरी आली. पोरीनं ओढून ओढून घोटा सुजवला होता आणि रडून रडून आवाज घालवला होता. पुढचे काही दिवस असेच गेले. मग रडणं थांबलं. बायडी म्हणाली, "आता काय तरास नाय देत. शाणी झाली." तानीनं तेवढंच ऐकलं आणि बरं वाटून घेतलं. शाणी कशी झाली ते तिनं विचारलं नाही.

माघ लागला तशी एका संध्याकाळी मंदा एकटीच पाड्यावर आली. ह्या खेपेला तिनं चपला अंगणाबाहेरच काढल्या.

"उद्या ठाण्याहून साहेब येणार आहेत. पाळणाघर बघायला," ती म्हणाली. "मुलं हवीत."

"तुमच्याकडं हायत ना मुलं," तानी म्हणाली.

मंदा जरा घुटमळली. पाळणाघरात आता कापडदुकानदाराचा नातू होता, बँकेतल्या कारकुनाच्या जुळ्या मुली होत्या, विजयाबाईंची भाची सुलू हिचा मुलगा होता. सगळ्यांचे दाखले आकड्याच्या खालचे. पण दाखला साहेबाला दाखवता येतो, मुलं कशी दाखवायची? सगळी गुबगुबीत, बुटामोज्यांतली. त्यांना उद्या सुट्टी दिली होती.

"चिमीला आण. भागीताईंचा मुलगा, अजून असतील ती," मंदा म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, अंघोळ घालू नका. फक्त नाक पुसा. फ्रॉक जुनाच असू दे."

"नवा कठं हाय?" तानी म्हणाली.

मंदानं मान खाली घातली.

"आन मंग चिमीला परत ठेवतील?"

"बाई म्हणाल्या, बघू."

तानी हसली. पण हसून भागणार नव्हतं. सकाळी तिनं शिवाजीकडे निरोप धाडला की ताप आलाय, आणि पाड्यावरची सात-आठ पोरं आणि त्यांच्या आया घेऊन ती बोईसरला गेली.

सतरंजी अंथरली होती. पाळणा रिकामा करून त्याला फुगे बांधले होते. विजयाबाई मोत्याच्या कुड्या घालून दारात उभ्या. "एकेकाला आत सोडा. भिंतीला हात लावू नका. साहेबांनी विचारलं तर रोज येतो म्हणायचं. घरात खायला नाही म्हणालात तरी चालेल. किंबहुना म्हणाच."

बाकीच्या बायांनी पोरं खाली ठेवली. तानीनं चिमीला कमरेवरून उतरवलं नाही.

"हिला परत घेशाल काय?"

"नंतर बोलू."

"आता सांगा. घेणार असाल तं उतरवते, नाय तं जाते. ह्या साऱ्या माझ्यासंगं आल्यात, माझ्यासंगं जातील."

विजयाबाईंचा चेहरा तापला. पण सडकेवर जीप वळल्याचा आवाज आला. "घेते, घेते. शब्द देते. ठेव तिला आत," त्या दात आवळून म्हणाल्या. तानीनं चिमीला उंबरठ्याच्या आत सोडलं.

साहेब जाडजूड, दमेकरी, आणि ठाण्याहून निघताना नाश्ता झालेला नसल्यानं घाईत. त्यांनी फुगे बघितले, पाळणा हलवून बघितला, मुलं मोजली. पोहे आले. पोहे खाता खाता त्यांना एक पोर सतरंजीवरून उठलेली दिसली. चिमी खोलीच्या मधल्या खांबाकडं गेली. त्याला टेकून खाली बसली, फ्रॉक गुडघ्यावर ओढला, आणि उजवा पाय पुढं करून मंदाकडं बघत राहिली. मंदाला काही कळेना. चिमीनं पाय आणखी पुढं केला आणि घोट्यावर बोट ठेवून दाखवलं. घोट्याभोवती काळपट वळ होता.

दाराबाहेर तानीनं ते बघितलं. शाणी झाली म्हणजे काय झाली, ते तिला आज कळलं.

साहेबांनी बशी खाली ठेवली. "काय प्रकार आहे हा? इथं मुलांना बांधून ठेवता?"

"छे छे, साहेब. इथं नाही," विजयाबाई म्हणाल्या. "घरी बांधत असेल आई. ही लोकं..."

"घरी? तुमच्या हजेरीत मूल दिवसभर इथं आहे. मग घरी बांधतात केव्हा?"

खोलीत पंखा फिरत होता, दुकानदारानं दिलेला. विजयाबाईंनी दाराकडं बघितलं, आणि तानीनं त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा विनवणी बघितली. ती बघून तिला समाधान व्हायला हवं होतं. ते झालं नाही.

खरं सांगायचं तर आता जागा होती, माणूसही समोर होता. ही पोर दोन महिने इथं आलेली नाही. हजेरी खोटी, मुलं भाड्याची. एवढं म्हटलं की विजयाबाईंचं मंडळ संपलं. आणि त्याच्याबरोबर पाळणाघरही संपलं. उद्या पहाटे मेढ आणि दावं तिथंच असणार होतं.

"मी बांधते," तानी म्हणाली. "राती. झोपेत उठून चालते ती. मागं खड्डा हाय पान्याचा."

साहेबांना उत्तर मिळालं तसा त्यांना रागही सापडला. आई म्हणजे काय, यावर ते बराच वेळ बोलले. जनावराला बांधतात, माणसाला नाही. मुलं होऊ देता आणि सांभाळायची अक्कल नाही. एवढं सरकार करतं, लाखो रुपये खर्च करतं, ते कुणासाठी? पाड्यावरच्या बाया खाली बघत ऐकत होत्या. भागीनं एकदा तोंड उघडलं, तानीनं तिचा हात दाबला.

"आम्ही किती समजावतो, साहेब," विजयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज परत आला होता. "पण ह्यांच्यात मायाच कमी. मुलाला बांधायचं आणि ताडी प्यायला बसायचं. इथं असतात तेवढेच तास काय ती मुलं सुखात."

तानीनं विजयाबाईंची किंमत केली ती तेव्हा. मग ती त्यांच्याकडं बघेनाशीच झाली. साहेबांनी चांगला शेरा दिला, काजूची पुडी घेतली आणि जीप गेली. सतरंजी लगेच गुंडाळली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानी चिमीला घेऊन दारात उभी राहिली. तिच्या हातांवर त्या आठवड्याचा लाल रंग होता. विजयाबाईंनी तिला बघून चष्मा पुसला.

"हे बघ, दिलं होतं वचन. पण तुझं नाव मर्यादेबाहेरच्यांत आहे. वरून विचारणा झाली तर मी काय उत्तर देऊ? एक वर्ष जाऊ दे."

"साहेबाला उत्तर मी देल्लं काल," तानी म्हणाली. आवाज चढवला नाही. "खोटं देल्लं. ठाण्याला गाडी जाते. मी जाईन आन खरं देईन. भागीला नेईन, साऱ्यांना नेईन. जिनं अख्ख्या गावादेखत पोरीला जनावरावानी बांधते म्हनून सांगितलं, तिला आता कसली लाज?"

विजयाबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग दारातून बाजूला झाल्या.

मंदा चिमीला घ्यायला पुढं आली, पण तानीनं पोर दिली नाही. ती स्वतः उंबरठा ओलांडून आत गेली. चौकटीला हात टेकला, तिथं पाच बोटं उठली. कारकुनाच्या जुळ्या मुली हातातली बिस्किटं धरून तिच्याकडं बघत राहिल्या. तानीनं चिमीला खाली ठेवलं.

चिमी सरळ खांबाकडं गेली. टेकून बसली, फ्रॉक सारखा केला आणि पाय पुढं केला.

आजवर तानीनं पुष्कळ माणसांची किंमत केली होती. त्या घडीला तिला स्वतःची शिसारी आली, इतकी की विजयाबाईंची शिसारीसुद्धा तिच्यापुढं फिकी पडली. ती पोरीसमोर खाली बसली. दोन्ही लाल हातांत तो पाय घेतला आणि वळाची जागा चोळली.

"इथं नाय बांधत, बाय," ती म्हणाली.

चिमीनं खोलीत सगळीकडं बघितलं. कोपऱ्यातला पाळणा, खिडकीचे गज, दाराची कडी, एकेक नीट बघून घेतलं.

"मंग कठं?" तिनं विचारलं.

कारखान्याचा भोंगा झाला. तानी उठली, पदर खोचला आणि मागं न बघता बाहेर पडली. फाटकापर्यंत ती पळतच गेली, तरी शिवाजीनं तिचा अर्धा रोज कापला.